दव, धूळ आणि भाऊजींची पेटी : आर्वी ते दर्यापूर, मेळघाटमार्गे

शुक्रवार : आर्वी – आष्टी – मोर्शी – बहिरम – परतवाडा

निघायचं सहाला ठरलं होतं, निघालो साडेसातला. उशीर ताईने केला नाही, दवाने केला.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. भाऊजींची काळी डिझेल गाडी रात्रभर अंगणात उघड्यावर उभी होती आणि पहाटे टपापासून चाकांपर्यंत ओलीचिंब झाली होती. भाऊजींचे वडील धोतराचा जुना तुकडा घेऊन मोठ्या मायेने बोनटकडे निघाले, तोच भाऊजी पोल्ट्रीच्या शेडमधून ओरडले, "बाबा, हात नका लावू गाडीले!"

बाबा थबकले. "काहून? पुसून देतो न."

"पुसू नका. पाणी मारतो आधी."

या हंगामात आमच्याकडच्या गाडीवर काय बसतं ते आधी सांगतो, म्हणजे भाऊजी का ओरडले ते कळेल. कापसाच्या गाड्यांनी उडवलेली काळ्या मातीची धूळ, रस्त्याच्या कामावरची गिट्टीची भुकटी, तुरीच्या पाल्याचा भुगा. दिवसभर हे साचतं आणि रात्री त्यावर दव पडतं. सकाळी वरवर पाहिलं तर गाडी नुसती ओली वाटते, पण तो ओलावा धुळीचा लेप असतो. त्यावर फडकं फिरवलं की गिट्टीचे कण रंगावर घासत जातात आणि गोल गोल बारीक चरे उठतात. काळ्या रंगावर उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. आमच्या भागात गाड्यांचा रंग उन्हाने जितका जातो, तितकाच सकाळच्या या प्रेमळ पुसण्याने जातो, असं माझं मत आहे.

भाऊजींबद्दलही दोन शब्द हवेत. त्यांची पोल्ट्री आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, म्हणून अर्ध्या रात्री उठून बल्ब वर-खाली करणारा हा माणूस. शेडमधला एक थर्मामीटर कायम त्यांच्या खिशात असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचणारा मी पाहिलेला हा एकटाच माणूस. गाडी घेतल्यापासून त्यांनी एक पेटी जमवली आहे : शॅम्पू, वॅक्स, रबराला लावायचा सिलिकॉन स्प्रे, टायर काळा करायचं पाणी, डांबराचे डाग काढायचं औषध, आणि काचेवरचं बर्फ वितळवायचा फवाराही. आर्वीत बर्फाचा फवारा! यातल्या बऱ्याच बाटल्यांवरचा हिवाळा आपला नाहीच. तो जिथे महिनोन् महिने बर्फ असतं तिथला आहे. आपला हिवाळा पहाटेचा चार तासांचा, आणि दुपारी स्वेटर काढून डिकीत टाकायचा.

थर्मामीटर अंगणात टांगला, ११ अंश. मग विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बुडवला, २५. जमिनीखालचं पाणी बारा महिने साधारण सारखंच राहतं, म्हणून हिवाळ्यात विहीर कोमट लागते. हात न लावता आधी वरून खाली पाणी सोडलं, धूळ वाहू दिली. मग शॅम्पू. कपड्याची पावडर अजिबात नाही; तिच्यातला क्षार मळाबरोबर आधीचं वॅक्सही धुऊन नेतो. बादल्या दोन, एक फेसाची आणि एक फडकं खळबळायची. सगळ्यात जास्त वेळ पुसण्यात गेला. थंडीत पाणी आपोआप सुकत नाही. दाराच्या फटीत, आरशाच्या मागे, नंबरप्लेटखाली दडून बसतं आणि गाडी रस्त्याला लागली की धूळ बोलावतं.

ताई हे सगळं चहाचा कप हातात घेऊन पाहत होती. भाऊजींनी निळं मायक्रोफायबर काढल्यावर तिला राहवलं नाही. "घरात कापूस भरून हाय छतापर्यंत, अन् गाडी पुसाले पॉलिस्टर?"

बोलणं बरोबर होतं. त्या कापडात साधारण ८० टक्के पॉलिस्टर आणि बाकी पॉलिअमाइड असतं. पण त्याचे तंतू चिरलेले आणि अतिशय बारीक असतात, ते कण आत ओढून घेतात. सुती फडकं तेच कण पृष्ठभागावर ठेवून घासतं. कापूसवाल्यांच्या पोरांनी हे कबूल करणं जिवावर येतं, पण आहे ते आहे.

आष्टीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. १६ ऑगस्ट १९४२ ला इथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि गोळीबारात माणसं गेली. बाबांच्या पिढीत आष्टीचं नाव घेताना आवाज बदलतो. आमच्या गाडीत मात्र ताईने लगेच डबा उघडला.

अप्पर वर्धा धरणाच्या बाजूला धुकं दाट होतं. भाऊजींनी दिवे खाली घेतले. धुक्यात वरचा झोत लावला की उजेड पाण्याच्या थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. समोरून येणारे दोघेजण मात्र पूर्ण झोत टाकून हॉर्न वाजवत गेले. काचेवर दवाचा पडदा येत होता, तरी भाऊजींनी कोरडा वायपर एकदाही फिरवला नाही. आधी काचेवर पाण्याची पिचकारी, मगच वायपर. काचेवरच्या चऱ्यांचं कारण बहुतेक वेळा रबर नसतं, रबराखालची धूळ असते.

मोर्शीच्या अलीकडे संत्र्याच्या बागा लागल्या. आंबिया बहाराचा माल उतरत होता, बागेच्या कडेला ढीग आणि क्रेट. एका बागवानाने मूठभर फोडी हातावर ठेवल्या. भाऊजींनी साल घेतली, बोटांत दाबली आणि तिचा तुषार ताईच्या नाकाखाली उडवला. डांबराचे डाग काढायच्या कित्येक औषधांत हेच असतं, संत्र्याच्या सालीतलं तेल, लिमोनीन. डांबर आणि स्टिकरचा चिकटा त्यात विरघळतो. "मंग साल घासू का गाडीले?" ताईने विचारलं. भाऊजींनी दोन्ही हात जोडले. बाटलीत ते मोजून मिसळलेलं असतं, आणि लावून पुसल्यावर धुवावंही लागतं.

चांदूर बाजार ओलांडून दुपारी बहिरमला पोचलो. यात्रा २० डिसेंबरला लागते आणि जानेवारीभर चालते. इथे देवाइतकीच गर्दी चुलींना. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याचं भरीत, आणि पलीकडे राहुट्यांमध्ये मातीच्या हंडीत शिजणारं मटण. आम्ही रोडगे खाल्ले, वर तूप, आणि तासभर कोणी कोणाशी बोललं नाही. परत आलो तेव्हा गाडीवर राख आणि माती यांचा बोटभर थर. मी म्हटलं, भाऊजी, कव्हर घालायचं होतं. ते म्हणाले, धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर म्हणजे वाऱ्याने हलणारा सँडपेपर. आणि ओल्या गाडीवर घातलं तर आतली ओल आतच. कव्हर स्वच्छ आणि कोरड्या गाडीवरच.

मुक्काम परतवाड्याला, ताईच्या मैत्रिणीकडे.

शनिवार : परतवाडा – चिखलदरा

घाट चढायचा म्हणून सकाळी पहिल्यांदा हवा पाहिली. परवा दुपारी आर्वीत चारही चाकांत ३३ पौंड भरली होती. आता ३० लाही थोडी कमी. पंक्चरवाला म्हणाला, "भाऊ, लीक असन."

"चारही चाकं एकाच मापानं लीक झाली का बावा?"

तो हसला आणि मशीन लावली. हवा थंड झाली की आकसते. साधारण साडेपाच अंशांना एक पौंड जातो. परवा दुपारी २९ अंश होते, आता १०. साडेतीन पौंड थंडीनेच नेले. म्हणून हवा गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. दारावरच्या किंवा पुस्तकातल्या तक्त्याचा आकडाही थंड टायरचाच असतो. दुपारी तेच टायर तापून ३६ दाखवतात, तेव्हा घाबरून हवा सोडायची नाही. सोडली तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर पुन्हा बसलेलाच.

धामणगाव गढीवरून घाट चढलो. वर मोथ्याला गवळ्यांच्या दुकानात खवा घेतला, गरम, पळसाच्या पानावर. पुढे स्ट्रॉबेरीचे डबे घेऊन पोरं रस्त्यावर उभी. विदर्भात स्ट्रॉबेरी म्हटलं की पुण्यामुंबईचे लोक हसतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे, इथे कॉफीसुद्धा होते, हे त्यांना सांगून उपयोग नाही, आणून खाऊ घालावं लागतं.

गाविलगडावर दुपार गेली. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला, म्हणजे असाच हिवाळा असणार. तोफा ओढत डोंगर चढणाऱ्यांच्या बैलांचं काय झालं असेल, हा प्रश्न ताईने विचारला. बुरुजावरून वारा इतका बोचत होता की उत्तर शोधत कोणी थांबलं नाही.

पाचला लॉजवर आलो. भाऊजींनी पेटी उघडली. घाटात गाडी जरा मळली होती, लॉजच्या नळावर धुऊन झाली, आता वॅक्सचा डबा बाहेर. मी आणि ताई चुलीजवळ. भाऊजींनी थर्मामीटर बोनटवर ठेवला आणि पाच मिनिटांनी डबा पुन्हा बंद केला.

"काय झालं?"

"नऊ. दहाच्या खाली नाई लावत."

ते वॅक्स कार्नोबाचं होतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण, ८२ ते ८६ अंशांवर वितळणारं, म्हणजे मुळातच टणक. डब्यात ते पातळ करणाऱ्या द्रवात कालवलेलं असतं. लावल्यावर तो द्रव उडून जायला हवा, मग पांढरट धूसर थर उमटतो आणि तो पुसला की चमक. थंड पत्र्यावर तो द्रव उडतच नाही. थर चिकट राहतो, पुसताना ओघळ आणि पट्टे पडतात, आणि पुसणारा वैतागून आणखी जोरात घासतो. शिवाय सूर्य गेल्यावर पत्रा हवेपेक्षा आधी थंड होतो. डोळ्यांना न दिसणारं दव त्यावर धरायला लागलेलं असतं, आणि आपण ओल्यावर मेण लावत बसतो. बहुतेक बाटल्यांवर १० ते ३० किंवा ३५ अंश असं लिहिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत आणि मग वॅक्सलाच नकली म्हणतात.

रविवार : चिखलदरा – सेमाडोह

सकाळी सहाला लॉजच्या आवारात आरडाओरडा. बाहेरगावच्या एका कुटुंबाची गाडी, काचेवर गारठलेलं दाट दव. त्यांच्या ड्रायव्हरने अंघोळीच्या बंबातलं कढत पाणी बादलीभर आणून काचेवर ओतलं. काचेला खडी लागून आधीच एक टिकलीएवढा टवका होता. त्या टवक्यातून एक रेघ निघाली आणि आमच्यासमोर सरकत सरकत पार दुसऱ्या कडेला गेली. बाहेरचा थर एकदम तापून पसरतो, आतला थंडच असतो, आणि काच कमजोर जागी फाटते. ड्रायव्हर बादली धरून तसाच उभा. त्या घरच्या बाईंनी मात्र त्याला आधी चहा दिला, मग बोलल्या.

भाऊजींनी आमच्या काचेवरचे टवके नखाने चाचपून पाहिले. होता एक, वायपरच्या खाली. पावसाळ्याआधी भरून घ्यायचा असं ताईने लगेच मोबाईलवर लिहून ठेवलं. विसरायला नको म्हणून नाही, भाऊजींना पुढे ऐकवायला.

वॅक्सची वेळ अकराला आली. या प्रवासात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट इथे सांगतो. आपण गाडीची निगा दिवाळीच्या आधी करतो, नाहीतर उन्हाळ्यात लग्नाच्या वेळी. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही. वॅक्स लावता लावता वाळून दगड होतं, शॅम्पूचा फेस दारावरच सुकून डाग सोडतो. पावसाळ्यात हवाच ओली. वॅक्स-पॉलिशचा आपला खरा मोसम डिसेंबर-जानेवारीचा, सकाळी अकरा ते दुपारी तीन. तेव्हा हवा साधारण पंधरा ते तीसच्या मध्ये असते, पत्रा कोरडा असतो आणि माणसालाही उन्हात उभं राहायला बरं वाटतं. बाटलीवर हिवाळ्यात जपून वापरा असं लिहिणाऱ्याने आपली दुपार पाहिलेली नाही.

तरी एक गोम होती. हवा १७ अंश, आणि काळं बोनट उन्हात चाळीसच्या वर. उत्तरेकडचं दार मात्र अजून गार. भाऊजींनी गाडी सिल्व्हर ओकच्या सावलीत घेतली, वीस मिनिटं वाट पाहिली, आणि एका वेळी एकच पत्रा धरला. बोटाच्या पेराएवढं वॅक्स घेऊन पातळ हात दिला. जाड लावल्याने जास्त टिकतं हा गैरसमज. जास्तीचं सगळं पुसण्यातच जातं. बोटाने एक रेघ ओढायची, रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यायचं. लॉजचा पोरगा मदतीला आला आणि त्याने रेघ ओढायचं काम स्वतःकडे घेतलं. टपापर्यंत येईस्तोवर दीड वाजला.

मग सिलिकॉनचा फवारा. दाराच्या रबराला तो लावतात तो खऱ्या थंडीच्या देशात रबर पत्र्याला गोठून चिकटू नये म्हणून. आमच्याकडे तो वेगळ्या कामाचा, कोरड्या हवेत आणि उन्हात रबर तडकू नये म्हणून. पेट्रोलजन्य तेल रबराला लावायचं नाही, त्याने ते फुगतं. पण डबा रात्रभर गाडीत राहून गारठला होता. बटण दाबलं की फुर्र आणि दोन थेंब. थंडीत डब्यातल्या वायूचा दाब उतरतो. लॉजच्या पोराने डबा चुलीच्या वैलावर ठेवायला हात पुढे केला आणि ताई किंचाळली. अशा डब्यांवर ५० अंशांच्या वर तापवू नये असं लिहिलेलं असतं आणि ते लिहिणारा चेष्टा करत नसतो, डबा फुटतो. हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला, तेवढ्याने काम झालं. बाकीच्या बाटल्याही भाऊजी रात्री खोलीत आणून ठेवत होते. पाण्यात कालवलेलं पॉलिश एकदा गोठलं की फाटतं आणि कितीही हलवलं तरी पुन्हा नीट मिळून येत नाही.

दुपार कलताना सेमाडोहला उतरलो. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ चा. वाघ दिसला नाही. रस्त्यावर रानकोंबडा दिसला, आणि भाऊजींनी व्यवसायाच्या नजरेने त्याचं वजन सांगितलं.

सोमवार : सेमाडोह – कोलकास – अंजनगाव – दर्यापूर

चिखलदऱ्याला थंडी जास्त, सेमाडोहला कमी, असा आमचा समज होता. तो रात्री दोनलाच गेला. थंड हवा जड असते, रात्री डोंगरावरून घसरून सिपना नदीच्या खोऱ्यात साचते. पहाटे दाराबाहेर थर्मामीटर ४ अंश दाखवत होता आणि गाडीचा टप पांढरा झाला होता. बर्फाचा पापुद्रा, नखाने खरवडला तर भुगा होणारा.

चार अंशांवर पाणी गोठलं कसं, हा प्रश्न ताईचा. टप रात्रभर उघड्या आभाळाकडे तोंड करून असतो, आपली ऊब वर सोडत राहतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. पुरावा शेजारीच होता. सागाखाली उभ्या केलेल्या जीपवर नुसतं दव होतं, बर्फ नाही. झाडाने आभाळ झाकलं होतं.

आणि भाऊजींचा फवारा! त्यांनी तो ज्या थाटात पेटीतून काढला, तो पाहायला चहावाल्यापासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे जमले. त्यात मुख्यतः अल्कोहोल असतं, ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं. काचेवर मारला, पापुद्रा पाणी होऊन ओघळला, जमलेल्यांनी माना डोलावल्या. चहावाला म्हणाला, "साहेब, आधा घंटा रुकते तो सूरज फोकट में करता." खरं होतं. तसाही तो काचेपुरताच वापरायचा. काल लावलेल्या वॅक्सवर अल्कोहोल उडू नये म्हणून भाऊजींनी बोनटवर गोणपाट अंथरलं होतं.

गाडी सुरू करताना मात्र हसणं थांबलं. डिझेलच्या इंजिनाला थंडीत आधी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं. भाऊजींनी ते दोनदा केलं. तरी स्टार्टर जड आवाजात फिरला. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्याच्या आसपास तिची जवळजवळ एक तृतीयांश ताकद जाते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑईल घट्ट होऊन जास्त ताकद मागतं. बॅटरी चार वर्षांची. आर्वीत आणखी एक हिवाळा चालली असती, सेमाडोहने तिचं वय सांगितलं. तिसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. बोनट उघडल्यावर टर्मिनलवर पांढरी पूड दिसली. गाडी बंद करून केबल सोडवल्या, आधी निगेटिव्ह; खायच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश, मग कोरडं करून केबल परत कसल्या आणि वर पेट्रोलियम जेली. ती पेटीत नव्हती. ताईच्या पर्समधली, ओठांना लावायची डबी होती. ती अर्धी संपली आणि तिची नोंदही मोबाईलमध्ये झाली.

जीपवाल्याने विचारलं, डिझेल गोठत नाही का? आपल्याकडे नाही. हिवाळ्यातलं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहावं असं मानक आहे, उन्हाळ्यात तेच १८ अंश. त्याखाली डिझेलमधलं मेण जमायला लागतं, पण टाकी काही टपासारखी उघड्यावर नसते. लडाखची गोष्ट निराळी. तिथे २०१९ पासून उणे ३३ अंशांना वाहणारं डिझेल मिळतं. कूलंटचंही तसंच. निम्मं पाणी निम्मं कूलंट असलं की ते उणे ३५ च्या खालपर्यंत गोठत नाही, पण आपण ते टाकायचं ते एप्रिल-मेसाठी आणि रेडिएटरच्या गंजासाठी. नुसत्या पाण्यावर हिवाळा निघतो, उन्हाळा निघत नाही.

निघालो तर दोन मिनिटांत काच आतून धुरकट. तिघांचा श्वास, ओल्या शाली, आणि काच थंड. मी हाताने पुसायला लागलो, भाऊजींनी एसी लावला. थंडीत एसी म्हणून ताईने शाल डोक्यावरून घेतली. पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. त्याबरोबर हीटर, झोत काचेकडे, आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण. आतलीच हवा फिरवत ठेवली तर काच कधीच साफ होत नाही. कोलकासच्या वळणापर्यंत काच लख्ख होती आणि खाली सिपनेवर वाफ चढत होती.

परतवाडा मागे टाकून अंजनगाव सुर्जीला दुपारी जेवलो. गाविलगड पडल्यावर पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबर १८०३ ला, शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथे. आता गाव पानमळ्यांचं. ताईने विड्याची पानं घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली. फडकं मायक्रोफायबरचं होतं. भाऊजींनी पाहिलं, बोलले नाहीत.

पुढे दर्यापूर, भाऊजींच्या बहिणीकडे, माईंकडे. गाडीवर मेळघाटची लाल आणि पूर्णेकाठची काळी, दोन्ही मातींची पूड. माईंचा मुलगा उत्साहाने बोअरचा पाइप घेऊन आला. भाऊजींनी त्याच्या हातातून तो काढून घेतला, चूळभर पाणी तोंडात धरलं आणि थुंकलं.

दर्यापूर हे खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातला सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा मुलूख, जमिनीखालचं पाणी खारट. थंड देशांत रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात, म्हणून तिकडच्या सगळ्या सल्ल्यांत गाडीचं पोट धुवा, मीठ गंज आणतं, असं पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, या पट्ट्यात ते बोअरमध्ये आहे. त्या पाण्याने गाडी धुतली की मीठ आपण होऊन पोटापर्यंत नेऊन घालतो, आणि वरचे थेंब उन्हात सुकले की प्रत्येकाच्या जागी पांढरा शिक्का. माईंच्या दारातला ट्रॅक्टर तसाच होता, मूळ रंग लाल असावा असा अंदाज करण्याइतपत.

शहानूर धरणाचं नळाचं पाणी घरात होतं, टाकीत भरून ठेवलेलं, प्यायचं. भाऊजींनी बहिणीकडे पाहिलं.

"एक बकेट," माई म्हणाल्या. "त्याहून मग्गाभर बी नाई देत. गाडीले पाजाचं हाय का?"

एक बादली पुरते. पेटीत न धुता पुसायचं एक शॅम्पू होतं, बादलीत दोन झाकणं. त्यातला गुळगुळीतपणा धूळ उचलून धरतो आणि नंतर पाण्याने खळबळायची गरज नसते. चिखलाच्या गाडीला हे चालत नाही, धुळीच्या गाडीला चालतं. आठ फडकी बादलीत भिजवली, आधी त्याच पाण्याची पिचकारी मारून धूळ मऊ केली, मग प्रत्येक फडक्याची घडी उलटत एक बाजू एकदाच, एकाच दिशेने, वरून खाली. मळलेलं फडकं परत बादलीत नाही. पाठोपाठ मी कोरडं फिरवत होतो, कारण ऊन उतरत चाललं होतं आणि हवा गार व्हायला लागली होती. कालच्या वॅक्समुळे धूळ सहज सुटत होती, हे मला मान्य करावं लागलं, आणि मी ते भाऊजींना ऐकू जाईल असं मोठ्याने केलं.

बादलीत पाणी उरलंसुद्धा. माईंच्या मुलाने गाडीभोवती चक्कर मारली, बोनटमध्ये केस नीट केले आणि म्हणाला, "मामा, आपल्या ट्रॅक्टरले बी मारून द्या न वॅक्स. लगन हाय फेब्रुवारीत, वरातीले काढाचा हाय."

भाऊजींनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, थर्मामीटर काढून त्याच्या बोनटवर ठेवला आणि पाच मिनिटं वाट पाहिली.

"आता नाई जमत," ते म्हणाले. "पत्रा थंडा झाला. उद्या अकराले."

ताईने पर्समधून मोबाईल काढला आणि मंगळवारी दुपारी आर्वीत पोचू असं बाबांना कळवलं होतं, ते बदलून बुधवार केलं.